फोनवर सांगता येईल असा पत्ता

शहापूर, बेळगाव

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा तू तुझ्या मांड्यांच्या धंद्याच्या कार्डाचा मजकूर छापायला ठेवून गेलीस. बाकी सगळं त्याच संध्याकाळी बसवून झालं, पण ईमेलच्या ओळीपाशी हात थांबला, म्हणून हे पत्र. घरचं लाडाचं नाव, पुढं अंडरस्कोअर म्हणजे ती खालची आडवी रेघ, पुढं जन्मसाल आणि मग जीमेल. कॉलेजात असताना काढलेला असणार. मैत्रिणींसाठी तो चांगलाच आहे. पण उद्या पुण्यातलं एखादं लग्नाचं घर दोनशे मांड्यांचे पैसे आगाऊ पाठवणार, आणि तो पत्ता बघून पलीकडं धंदा आहे की कुणाची तरी खासगी पेटी आहे, हे त्यांना कळणार नाही. हजार कार्डं वाटून झाल्यावर पत्ता बदलणं फार जड जातं. म्हणून छापायच्या आधीच बोलतो.

आधी त्या अंडरस्कोअरचं. छापखान्यात एवढी वर्षं काढल्यावर त्या चिन्हाची मला धास्तीच बसली आहे. मजकूर कॉम्प्युटरवर घेतला की पत्ता आपोआप निळा होतो आणि त्याच्याखाली रेघ येते. त्या रेघेत अंडरस्कोअर बुडून जातो. वाचणाऱ्याला वाटतं, मधे मोकळी जागा आहे. तसंच शून्य आणि ओ, एक आणि लहान एल. कार्डावरच्या बारीक टायपात ही जोडी भिंगातून बघितली तरी ओळखू येत नाही. तेव्हा आकडे नकोत, रेघा नकोत, निव्वळ अक्षरं असू देत.

आता खरं सांगायचं ते. आपल्याकडं पत्ता कार्डावरून कमी आणि फोनवरून जास्त जातो. तू ट्रान्सपोर्टवाल्याला, डबे पुरवणाऱ्याला, बँकेत, सगळीकडं तोंडानं सांगणार. आणि आपण सीमेवरची माणसं. तुझं निम्मं गिऱ्हाईक पुण्या-कोल्हापूरकडचं, निम्मं हुबळी-बेंगळुरूकडचं. शब्द तोच असला तरी दोन्हीकडं इंग्रजी अक्षरं वेगळी पडतात.

माझ्या छापखान्याच्या नावात ‘श्री’ आहे. मी ते एस-एच-आर-डबल-ई असं घेतलं होतं. बेंगळुरूच्या एका कागदवाल्याला फोनवर पत्ता सांगितला, त्यानं ‘श्री’ ऐकलं आणि एस-आर-आय लिहिलं, कारण तिकडं तसंच लिहितात. चार दिवस दरपत्रक येईना. मी चिडलो, तो म्हणे, पाठवून चार दिवस झाले की! त्याचं म्हणणं खरं होतं. त्यानं लिहिलेला पत्ता दुसऱ्या कुणाचा तरी होता, त्यामुळं पत्र परतही आलं नाही. पत्ता मुळात नसता तर निदान ‘पोचलं नाही’ असं उत्तर त्याला मिळालं असतं. त्या आठवड्यात कागदाचा भाव चढला आणि मला तो चढा भाव द्यावा लागला.

हीच गत ‘त’ची. आपण गीता, ज्योती, प्रीती टी घालून लिहितो. कर्नाटकात ‘त’ला टी-एच, कारण नुसता टी ‘ट’साठी राखलेला. आपल्या तालुक्यात एकाच घरात आईच्या आधार कार्डावर एक आणि मुलीच्या मार्कशीटवर दुसरं असं स्पेलिंग असतं, हे तुला सांगायला नको.

म्हणून तू सुचवलेलं ‘रुखवत’ हे नाव. शब्द मला मनापासून आवडला. मांड्यांची दुरडी रुखवतात मानानं मांडतात, धंद्याला याहून शोभेल असं नाव सापडणं अवघड. डब्यावर तेच घाल, देवनागरीत, ठळक. पण ईमेलमध्ये ‘ॲट’च्या पुढं इंग्रजीत लिहून बघ. ‘ख’चा एच कुणी गाळेल, ‘व’ला कुणी व्ही घालेल कुणी डब्ल्यू, आणि शेवटी टी की टी-एच. एका शब्दात तीन खड्डे. तोरण घेतलंस तर तिथंही टी-एच आहेच. ‘सनई’सारखा शब्द बघ. इंग्रजीत पाच अक्षरं, पुण्यातला माणूस आणि धारवाडचा माणूस बहुधा सारखीच लिहील. हेच घे असं नाही, नाव तुझं आहे. ‘रुखवत’वरच मन बसलं असेल तर व्हीचं आणि डब्ल्यूचं अशी दोन्ही नावं विकत घे आणि दोन्हींची टपाल एकाच पेटीत वळव. पैसे दुप्पट जातील, पण चुकलेली ऑर्डर घरी येईल.

गावाचं नाव मात्र पत्त्यात घालू नकोस. आपण बोलताना बेळगावच म्हणतो आणि म्हणत राहू. पण २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी कागदावर बेळगावी आलं, तेव्हा माझ्याकडं लेटरहेड आणि बिलबुकं बदलून घ्यायला लोकांची रांग लागली होती. कागद बदलला, ईमेल कुठं बदलतात? कितीतरी दुकानांच्या कार्डावर आजही वरच्या ओळीत एक नाव आणि खालच्या ओळीत दुसरं आहे. शिवाय इंग्रजीत ते ‘एल’नंतर ए घालून की न घालता, हे दहा जण दहा तऱ्हेनं लिहितात. मालाचं नावही नको. आज मांडे करतेस, उद्या कुंदा करशील, परवा चटण्या. पत्ता मांड्यांना बांधून ठेवू नकोस.

जीमेल वाईट असं मी म्हणत नाही. पहिले दोन-चार महिने त्याच्यावर काढलेस तरी चालेल. पण डोमेन म्हणजे ‘ॲट’च्या पुढचं स्वतःचं नाव आजच घेऊन ठेव, कारण चांगली नावं राहत नाहीत. साधं नाव वर्षाला हजार रुपयांच्या आसपास पडतं. पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नकोस, दुसऱ्या वर्षीचा भाव आधी विचार. शेवटी ‘डॉट इन’ घे, जमलं तर ‘डॉट कॉम’ही, कारण लोकांची बोटं सवयीनं कॉमकडंच जातात. देवनागरीतलं ‘डॉट भारत’ २०१४ पासून मिळतं आणि मला त्याचा आनंद आहे, पण पुष्कळ ठिकाणचे फॉर्म अजून देवनागरी पत्ता घेत नाहीत. धंद्याची पहिली पेटी त्याच्यावर ठेवू नकोस. आणि नाव घेण्याआधी तेच नाव कुणी ट्रेडमार्क म्हणून नोंदवलंय का, ते एकदा बघून घे.

हे सगळं करताना एक गोष्ट माझ्यासारखी करू नकोस. माझी वेबसाईट एका पोरानं करून दिली होती, हुशार होता. डोमेन त्यानंच घेतलं, त्याच्या नावावर, त्याच्या ईमेलनं. मी पैसे दिले आणि निर्धास्त झालो. पुढं त्यानं काम बंद केलं आणि गाव सोडलं. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याकडं जात होत्या, त्यानं बघितल्या नाहीत. एका सकाळी दुकानाची मेल बंद. जीएसटीच्या नोंदणीला तोच पत्ता दिलेला, खात्याच्या सूचना त्या मेलेल्या पत्त्यावर जात राहिल्या. मला कळलं तेव्हा एका नोटिशीची मुदत उलटून गेली होती. कागदांची पिशवी घेऊन मी किती हेलपाटे घातले ते तुझ्या काकूला विचार. आणि ते बंद पडणं एवढ्यावरच थांबत नाही. मुदत टळून नाव सुटलं की ते कुणीही विकत घेऊ शकतो, आणि त्यानंतर तुझ्या नावानं आलेली पत्रं त्याच्या पेटीत जाऊन पडतात. बँकेची सुद्धा.

तेव्हा डोमेन तुझ्या नावावर, तुझ्या मोबाईलवर, पावती तुझ्या फाइलीत. घेताना कुणी मदत केली तर चहा पाज, पण खातं तुझंच पाहिजे. त्या खात्याला मात्र तुझा जुना जीमेल दे, नवा पत्ता देऊ नकोस. नवा बंद पडला तर सूचना कुठं येणार? तो मैत्रिणींचा पत्ता इथं कामाला येईल. दोन टप्प्यांची खातरजमा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी, सुरू कर आणि नूतनीकरणाची तारीख कालनिर्णयवर लिहून ठेव.

‘ॲट’च्या अलीकडं काय, हे विचारलं होतंस. एक पेटी तुझ्या नावाची, एक ‘ऑर्डर’ची. दुसरी पेटी वेगळी घ्यायची गरज नसते, टोपणपत्ता करून पहिल्याच पेटीत वळवता येतो, बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे पडत नाहीत. उद्या कामाला कुणी ठेवलंस तर त्याला ‘ऑर्डर’ सोपव. तो सोडून गेला तरी पत्ता दुकानाचाच राहतो. ‘ऑर्डर’ला शेवटी एस लावायचा की नाही हे आत्ताच ठरव, किंवा दोन्ही करून ठेव.

पेटी सुरू करून देणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी झाल्या का, एवढं विचार. पत्र खरोखर तुझ्याच नावावरून आलंय, हे त्यावरून समोरच्या सर्व्हरला पटतं. त्या नसल्या तर नव्या डोमेनची मेल बऱ्याचदा स्पॅममध्ये जाते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं एकगठ्ठा मेल पाठवणाऱ्यांना हे बंधनकारकच केलं आहे. तू तेवढी मेल पाठवणार नाहीस, तरी करून घे. पहिलं पत्र मला पाठव, कुठं पडतं ते मी बघतो.

कार्डाच्या प्रूफवर मी ती ओळ कोरी ठेवली आहे. दोन-तीन नावं ठरव आणि दुकानात फोन कर. मी फोन आमच्या मशीनवरच्या पोराला देतो, तो बैलहोंगलचा, घरी कन्नड बोलतो. तू नाव एकदाच सांग, स्पेलिंग सांगू नकोस. त्यानं पाटीवर जे लिहिलं ते मी तुला वाचून दाखवतो. नंतर तुझ्या पुण्याच्या आत्याला असाच फोन कर. शनिवारी मशीनवर लग्नपत्रिका चढणार आहेत, तेव्हा शुक्रवारपर्यंत कळव.

आईला नमस्कार सांग. मांड्यांचा डबा मिळाला, एकही मोडला नव्हता.

तुझा,
छापखान्यातला काका