गोव्याची पोर्तुगीज नाणी जमवायची आहेत, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की आजीच्या डब्यात १८८१ चा चांदीचा 'उमा रुपिया' सापडला आणि आता गोव्याची सगळीच नाणी जमवावीशी वाटतायत, तर आधी ते नाणं घरातल्या कोणी चिंच लावून घासायच्या आत लपवून ठेवा. मस्करी नाही करत. माझं पहिलं नाणं म्हणजे १९४७ चा ब्राँझचा एक तांगा (गोव्यातला आणा), मस्त चॉकलेटी रंग चढलेला, आणि मी अतिशहाण्याने चिंच-मीठ लावून देवाच्या तांब्यासारखा लख्ख केला आणि एका जुन्या संग्राहक काकांना दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी भिंगाखाली धरला, काही बोललेच नाहीत, नुसता परत माझ्या हातात दिला. अजून आहे माझ्याकडे, गुलाबीसर दिसतो.

आता तुमचा रुपिया. उमा म्हणजे पार्वती नव्हे हां, पोर्तुगीजमध्ये 'उमा' म्हणजे एक. त्यावरचा राजा दों लुईश पहिला, नाव लॅटिनमध्ये 'लुडोविकुस' असं आहे. गंमत म्हणजे हे नाणं ना गोव्यात पाडलेलं ना लिस्बनला, ते पाडलं कलकत्त्याच्या टाकसाळीत, इंग्रजांनी. १८७८ मध्ये पोर्तुगाल आणि ब्रिटनचा करार झाला (मुरगावची रेल्वे, मीठ, जकात सगळं त्यातच), त्यात असं ठरलं की गोव्याचा रुपया वजनाला आणि चांदीला ब्रिटिश रुपयाइतकाच राहील. म्हणून सराफाकडे जाऊन वजन करा, ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे, म्हणजे जुना एक तोळा, आत्ताचा १० ग्रॅमवाला नाही. झिजलेलं असेल तर थोडं कमी. मी एकदा किनाऱ्यावरच्या एका बाजारात असाच एक घेतला होता, घरी येऊन वजन केलं तर नऊ ग्रॅम, कडेवर साच्याची रेघ, आणि राजाच्या गालावर बारीक बारीक पुटकुळ्या, म्हणजे ओतीव नकली माल. खरं नाणं ठशाने ठोकलेलं असतं, त्याला पुटकुळ्या येत नाहीत.

दुसरं म्हणजे कड बघा. हे रुपये लोकांनी गळ्यात घातलेत, वर कडी डकवून माळेत ओवलेत, आणि नंतर विकताना सोनाराकडून कडी काढून घेतलीय. वरच्या बाजूला जरा चपटं किंवा चांदीचा थेंब पसरल्यासारखं दिसलं तर समजा तिथे कडी डकवायला डाग दिलेला होता. किंमत पडते मग. पण आजीचंच असेल तर काय फरक पडतो.

जमवायचं म्हणाल तर माझं मत जरा उलटं आहे. सगळे नवखे १५१० च्या अल्बुकेर्कच्या (गोवा घेणारा पोर्तुगीज सेनापती) नाण्यांच्या मागे लागतात नाहीतर दीवच्या शिशाच्या त्या बझारुको (जुनी किरकोळ किमतीची नाणी) घेतात, ज्यावर क्रूस आहे की ओरखडा तेच कळत नाही. नका लागू त्या नादाला. शेवटून सुरू करा, १९५२ ते १९६१. काही शे रुपयांत बरीच मिळतात, प्रदर्शनात व्यापाऱ्याच्या डब्यात हात घालून शोधता येतात, आणि सेट पुरा होतो, हे महत्त्वाचं, नाहीतर वर्षभरात कंटाळा येतो.

आणि हीच सगळ्यात मजेशीर नाणी आहेत. तोपर्यंत हिशेब आपल्यासारखाच होता, तांगा म्हणजे आणा, १६ तांग्यांचा रुपिया. १९५७ ला भारतात नवे पैसे आले आणि लगेच पुढे गोव्यात रुपिया बंद करून एस्कुदो आणला, शंभर सेंटावोंचा. पण दर ठरवला एका रुपियाला सहा एस्कुदो, त्यामुळे नाणी बघा कशी विचित्र निघाली, १०, ३०, ६० सेंटावो, मग १, ३ आणि ६ एस्कुदो. तीन आणि सहाची नाणी कोण काढतं हो? पण गणित करा, ६ एस्कुदो म्हणजे रुपया, ३ म्हणजे आठ आणे, ६० सेंटावो म्हणजे आपले दहा नवे पैसे, ३० म्हणजे पाच. नाव बदललं, हिशेब रुपयाचाच राहिला. त्यावर 'एस्तादो दा इंडिया' लिहिलेलं असतं आणि ढालीत एक दातेरी चाक दिसतं, ते सेंट कॅथरीनचं, तिच्या सणाच्या दिवशी २५ नोव्हेंबर १५१० ला पोर्तुगीजांनी गोवा घेतला म्हणून.

१९४७ चा रुपियाही बघाच, त्यात निम्मी चांदी आहे, आणि त्याच वर्षीचा आपला रुपया निकेलचा. शेजारी शेजारी ठेवून बघा, वाजवून बघा, आवाजातच कळतं. माझ्याकडचं लाडकं नाणं मात्र १९६१ चं १० सेंटावो, साधं ब्राँझचं, बाजारात त्याला कोणी विचारत नाही, आणि त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला.

अजून एक, परदेशातल्या कोणी ऑनलाइन जास्त पैसे देतो म्हटलं तरी तुमचं १८८१ चं नाणं पोस्टाने पाठवू नका, शंभर वर्षांवरच्या वस्तू १९७२ च्या कायद्याने देशाबाहेर नेता येत नाहीत.

कडेचा फोटो टाका जमलं तर, उन्हात काढा, फ्लॅश नको. कडी होती की नव्हती ते सांगतो.