प्लॅनिंगला (नगररचनेला) जायचंय? आधी एवढं कर

बारावीला गणित सोडू नकोस. दिल्ली, भोपाळ, विजयवाड्याच्या एसपीएत (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) बी.प्लॅन, म्हणजे प्लॅनिंगची पदवी, करायचं तर जेईई मेनचा पेपर २बी भर, २ए आर्किटेक्चरचा. फॉर्मवर पुष्कळ पोरं इथंच चुकतात.

दुसरी चूक म्हणजे नकाशा वाचता येण्याआधीच सॉफ्टवेअरमागे लागणं. भूमी अभिलेखातून गावचा नकाशा घे अन् पायी फिर. प्रमाण १:४००० असेल तर १ सेंमी म्हणजे ४० मीटर. नकाशातली पांदण जागेवर किती उरली? बैलगाडी तरी जाते का? पावसाचं पाणी कोणत्या नाल्यात उतरतं, नवी घरं गावठाणाबाहेर कुठं सरकताहेत, वहीत टिपून ठेव. प्लॅनिंगचं खरं मूळ हेच, आणि ते तुझ्या दारातच आहे!

१९६६ चा नगररचना कायदा सध्या राहू दे. सिव्हिल केलंस तरी पुढं पदव्युत्तर प्लॅनिंगला जाता येतं.