चारमेरासारख्या चिमुकल्या रेट्रो कॅमेऱ्याचे फोटो पुसट येतात. पीस खराब आहे का?

पीस ठणठणीत आहे. 1/4 इंची सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप), फिक्स फोकस आणि 1440×1080 पिक्सेल. 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांनी, प्रिंट काढलीत तर 4.8×3.6 इंचांवर खेळ खलास. फूल नाकाशी धरून काढाल तर ते धूसरच येणार, लेन्स जागची हलत नाही.

घरातले फोटो हलतात ते मात्र तुमच्या हातामुळे. वजन 30 ग्रॅम. बटण दाबलं की बोटाच्या जोराने अख्खी डबीच झुकते, त्यात उजेड कमी म्हणून शटर जास्त वेळ उघडं. बटणाच्या बरोबर खाली अंगठा टेकवा, म्हणजे जोर अंगठ्यावर जातो. कोपरं अंगाला चिकटवा, दाबल्यावर सेकंदभर तसेच थांबा. खिडकी पाठीशी ठेवा, समोर नको.

आता ते 'फिल्मसारखा लुक' प्रकरण. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. कृष्णधवल फिल्मचं ग्रेन म्हणजे चांदीच्या कणांचे पुंजके. चारमेराच्या फोटोतला काळोखा कोपरा मोठा करून बघा: लाल-हिरवे डाग दिसतील. तो सेन्सरचा नॉइज, त्यावर फाइल लहान करणाऱ्या जेपेगने बोळा फिरवलेला. आवडत असेल तर खुशाल आवडो, पण त्याला ग्रेन म्हणू नका.

नक्कल करायची तर यंत्राची करावी, नुसत्या खोक्याची नाही. 2004 चा रोलायफ्लेक्स मिनिडिजी म्हणजे जुन्या दोन लेन्सच्या रोलायफ्लेक्स फिल्म कॅमेऱ्याची छोटी डिजिटल नक्कल. त्यात दोनपैकी एकच लेन्स कामाची, पण वरून स्क्रीनमध्ये डोकवायचं, फोटो चौकोनी आणि क्रँक फिरवल्याशिवाय पुढचा फोटो निघत नाही. मूळ कॅमेऱ्यात तशाच क्रँकने 120 ची रोल फिल्म पुढे सरकायची. ही खरी नक्कल. चारमेरा बिचारा 1987 च्या कोडॅक फ्लिंगची नक्कल, आणि फ्लिंग मुळात वापरून टाकून द्यायचाच कॅमेरा.

एवढं वाचून लगेच जुना मिनिडिजी शोधायला निघू नका. तो 2 मेगापिक्सेलचाच आहे, म्हणजे पुसटपणाची तक्रार तिथेही राहील. एसडीएचसी, म्हणजे जास्त क्षमतेची एसडी कार्डं, 2006 मध्ये आली, त्यामुळे त्याला साधं, कमी क्षमतेचं एसडी कार्डच लागतं. सेल सीआर2, 3 व्होल्टचा. त्याच मापाचा रिचार्जेबल लिथियम-आयन सेल बसेल, पण पूर्ण चार्ज झाल्यावर तो 4.2 व्होल्ट देतो. तो घालू नका.