मुलगी नर्सिंगला आणि लॅपटॉपवर गेम?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रात्री उशिरा लॅपटॉपवर गेम खेळताना दिसली, तुम्ही रागावलात तर म्हणाली अगं आई हा अभ्यासच आहे याला मार्क असतात, आणि तेव्हापासून तुमच्या डोक्यात एकच चाललंय की एवढी फी भरतोय ती गेम खेळायला का, आणि अशी शिकलेली नर्स खऱ्या पेशंटसमोर टिकेल का, नोकरीत याला कोण विचारणार. तर आधी हे सांगते की ती थाप मारत नाहीये, खरंच असा अभ्यास असतो, स्क्रीनवरच्या खोट्या पेशंटला सांभाळायचा.

आणि खेळण्यांवर नर्सिंग शिकणं काही आजचं नाही. १९११ साली अमेरिकेतल्या हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलसाठी माणसाएवढी बाहुली करून घेतली होती, ती बनवणाऱ्या मार्था चेस या बाहुल्याच बनवायच्या, म्हणून त्या बाहुलीला मिसेस चेस नाव पडलं. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबून तोंडाने श्वास देणं, ते शिकायला जगभर वापरतात ती रेससी अ‍ॅन डमी १९६० मधे आली, ती नॉर्वेच्या आस्मुंड लेर्डाल यांची, त्यांचाही धंदा खेळण्यांचाच. कारण तेव्हाही तेच होतं, शिकणाऱ्याच्या हातून चूक होणारच पण ती पेशंटच्या अंगावर का व्हावी.

आता गेममधे नेमकं काय होतं ते सांगते म्हणजे तुम्हाला चित्र दिसेल. समजा पेशंटला रक्त लावलंय. थोड्या वेळात तो म्हणतो थंडी वाजतेय, कंबर दुखतेय, ताप चढायला लागतो. पुढे काय हे स्क्रीन सांगत नाही, मुलीने ठरवायचं. बऱ्याच मुली घाबरून आधी डॉक्टरांना फोन लावतात, तो वाजत असतो आणि इकडे रक्त चालूच, तेवढ्यात बीपी पडायला लागतो. पहिलं काम रक्त बंद करायचं, मग नवीन सेट लावून सलाईनवर शीर चालू ठेवायची, पेशंटचं नाव नंबर आणि पिशवी परत ताडून बघायची, डॉक्टर आणि ब्लड बँकेला कळवायचं, पिशवी फेकायची नाही. हे पुस्तकात चार ओळीत असतं आणि पाठही होतं, पण वेळेला हात आधी कुठे जातो हे करून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि खऱ्या वॉर्डात स्टुडंटला अशा वेळी सिनियर सिस्टर बाजूलाच करणार, करायलाच पाहिजे, मग ती शिकणार कधी?

दुसरं म्हणजे श्वास मोजणं. वॉर्डात घाईघाईत बरेचदा मागच्याच शिफ्टचा आकडा उतरवला जातो. चांगल्या गेममधे तो आकडा आयता मिळत नाही, मोजलाच नाही तर श्वास मिनिटाला १८ वरून २६ वर गेलेला कळत नाही आणि बीपी ठीक दिसत असतानाच पेशंट बिघडत जातो. हा धडा एकदा बसला की बसला.

पण तुमची भीती अगदीच चुकीची नाहीये. माऊस क्लिक करून शीर सापडत नाही. जाड पेशंटला कुशीवर वळवणं, जखमेचा वास, रडणारे नातेवाईक, हे सगळं वॉर्डातच. त्यामुळे गेमच्या नावाखाली पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातलं काम, कमी करतायत का हे जरूर विचारा. अमेरिकेतल्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय कौन्सिलचा २०१४ मधे मोठा अभ्यास आला होता, १० नर्सिंग स्कूलमधला, त्यात वॉर्डातल्या तासांपैकी अगदी ५० टक्क्यांपर्यंत तास सिम्युलेशनने, म्हणजे खोट्या पेशंटवरच्या सरावाने, बदलले तरी मुलींच्या ज्ञानात, कामात, परीक्षेच्या निकालात खास फरक पडला नाही. मात्र ते सिम्युलेशन म्हणजे नुसते लॅपटॉप गेम नव्हते, डमी वगैरे होत्या, शिकवणारे त्यासाठी ट्रेन केलेले होते आणि प्रत्येक वेळी डिब्रीफिंग व्हायचं, म्हणून हा आकडा दाखवून कोणी वॉर्ड बंद करून गेम देत असेल तर ते मला पटत नाही.

डिब्रीफिंग म्हणजे खेळ संपल्यावर टीचरबरोबर बसून बोलणं, तू तेव्हा काय बघितलंस, काय वाटलं म्हणून असं केलंस, दुसरं काय करता आलं असतं. माझ्या मते खरं शिकणं इथेच होतं आणि सगळ्यात आधी काट मारली जाते तीही इथेच. लिंक पाठवली, मुलींनी घरी खेळून स्कोअरचा स्क्रीनशॉट टाकला, झालं, असं चालू असेल तर मग तो टाईमपासच. स्कोअर काय, तीच केस परत परत खेळून कुणीही ९५ आणेल.

नोकरीचं म्हणाल तर इंटरव्ह्यूत गेमचा स्कोअर कोणी विचारत नाही. पेशंटचा बीपी पडतोय तर आधी काय कराल, डॉक्टरांना फोनवर नेमकं काय सांगाल, हे मात्र विचारतात, आणि ज्या मुलीने हे बोलून करून सराव केलाय तिचं उत्तर अडखळत नाही.

तेव्हा गेम बंद करायला लावू नका. पुढच्या वेळी ती खेळत असेल तेव्हा शेजारी बसा आणि विचारा, हा पेशंट का बिघडला आणि तू आधी काय केलंस. तुम्हाला समजेल असं सांगता आलं तर गाडी रुळावर आहे. नुसता स्कोअरच सांगत असेल तर कॉलेजला जाऊन तिच्या टीचरना भेटा आणि खेळल्यानंतर चर्चा कधी घेता, किती वेळ, आणि या सेमिस्टरला वॉर्ड पोस्टिंगचे तास किती हे सरळ विचारा.