गेमिंग हेडसेट सहा हप्त्यांत घेऊ का?

प्रश्न: माझं वय २६. रोज रात्री साधारण दोन तास मित्रांबरोबर प्लेस्टेशन ५ वर शूटर गेम खेळतो आणि काम करताना लॅपटॉपवर आठवड्याला बारा तास तरी गाणी ऐकतो. जुन्या हेडफोनचा डावा कान अधूनमधून बंद पडतो. एक वायरलेस गेमिंग हेडसेट मनात भरलाय: ७.१ सराउंड, ३० तासांची बॅटरी, सोबत यूएसबी डोंगल (वायरविना जोडण्यासाठी यंत्रात लावायचा छोटा तुकडा). किंमत माझ्या हातात येणाऱ्या महिन्याच्या पगाराच्या ३० टक्के. सहा बिनव्याजी हप्ते मिळतायत, रोख दिले तर ६ टक्के सूट. दुसरा पर्याय वायरवाला स्टुडिओ हेडफोन, पगाराच्या १४ टक्के, आणि वेगळा मायक्रोफोन, ४ टक्के. कर्ज नाही, दोन महिन्यांचा खर्च भागेल एवढी बचत आहे. खोलीत धाकटा भाऊ झोपतो, मला चष्मा आहे. काय करू?

उत्तर: आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा खर्च उधळपट्टी आहे का, असं तुम्ही विचारलेलं नाही, तरी पत्राच्या सुरात ती धास्ती दिसते. रोज दोन तास खेळता आणि बारा तास ऐकता म्हणजे आठवड्याला २६ तास, वर्षाला साडेतेराशे तास ही वस्तू तुमच्या कानावर असणार. घरातल्या फार थोड्या वस्तू इतक्या वापरल्या जातात. तेव्हा चांगला हेडफोन जरूर घ्या. माझी हरकत हप्त्यांना आहे आणि त्या विशिष्ट हेडसेटला आहे.

हप्त्यांचं आधी संपवू. रोख दिले तर ९४, हप्त्यांनी दिले तर १००. म्हणजे दुकानदार तुम्हाला ९४ उधार देतोय आणि सहा महिन्यांत १०० वसूल करतोय. "सहा महिन्यांचे ६ टक्के, म्हणजे वर्षाचे १२" असं मनात येतं, पण ते चुकीचं आहे, कारण पूर्ण ९४ तुमच्याकडे सहा महिने राहतच नाहीत. पहिल्याच महिन्यात सहावा हिस्सा परत जातो, दुसऱ्यात आणखी एक. सगळे हप्ते महिनाअखेरीचे धरून नीट मांडलं तर दर महिन्याला सुमारे १.८ टक्के व्याज पडतं, वर्षाला २१ ते २२ टक्के. पहिला हप्ता खरेदीच्या दिवशीच कापला जात असेल तर त्याहूनही जास्त. वर प्रक्रिया शुल्क वेगळं असेल तर तेही यातच मिळवा. बिनव्याजी हे नाव कागदावर खरं असतं, कारण व्याज हुकलेल्या सवलतीच्या रूपाने आधीच गेलेलं असतं.

आता हेडसेट. विम्याबद्दल मी सगळ्यांना एक गोष्ट सांगत असतो: विमा आणि गुंतवणूक एकाच पॉलिसीत बांधू नका, दोन्हीची गरज वेगळी आणि मुदतही वेगळी. तुमच्या निवडीतही नेमकं तेच झालंय. वायरलेस गेमिंग हेडसेट म्हणजे चार वस्तूंची मोट: आवाज काढणारे ड्रायव्हर, बॅटरी, मायक्रोफोन आणि वायरविना आवाज पोचवणारा रेडिओ. यांतला ड्रायव्हर नीट वापरला तर दहा-पंधरा वर्षं सहज चालतो. सोनीचा एमडीआर-७५०६ हा स्टुडिओ हेडफोन १९९१ पासून आणि सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ पासून विकला जातोय, यावरून या तंत्राची घाई किती कमी आहे ते समजेल. बॅटरीचं मात्र तसं नाही.

बॅटरीवर अन्याय नको म्हणून मीही आकडा मांडून पाहिला. लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. तुमचे २६ तास आणि बॅटरी ३० तासांची, म्हणजे आठवड्याला एक फेरीसुद्धा पूर्ण होत नाही, वर्षाला जेमतेम ४५. या हिशेबाने ती तुम्हाला पुरून उरेल. पण बॅटरी नुसती पडून राहिली तरी म्हातारी होते, आणि रोज रात्री चार्जरला लावून पूर्ण भरलेली ठेवली तर जास्त लवकर. ती बदलायची सोय बहुतेक हेडसेटमध्ये दिलेली नसते. बॅटरीच्या आधी आणखी एक गोष्ट दगा देते, ते नखाएवढं डोंगल. तुम्ही खेळता प्लेस्टेशनवर आणि ऐकता लॅपटॉपवर. म्हणजे ते रोज इकडून काढून तिकडे लावणार, एक दिवस खिशात राहणार आणि खिसा धुवायला जाणार. सुटं डोंगल दरवेळी मिळतंच असं नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये असा एक उत्तम हेडसेट तीन वर्षं पडून आहे. कान शाबूत, गाद्या शाबूत, डोंगल बेपत्ता.

तरी उदार होऊन वायरलेसला चार वर्षं देऊ. पगाराच्या ३० टक्के भागिले चार, वर्षाला साडेसात टक्के. वायरवाल्या जोडीला सहा वर्षं धरतो, मधे दोनदा इअरपॅड (कानावरच्या गाद्या) बदलायला आणखी दोन टक्के. एकूण २० भागिले सहा, वर्षाला सव्वातीन टक्क्यांच्या जरा वर. दुपटीहून जास्त फरक आहे. शिवाय सहा वर्षांनी तुमच्या हातात चालणारा हेडफोन असेल आणि मायक्रोफोन बिघडलाच तर चार टक्क्यांची वस्तू बदलावी लागेल, तीस टक्क्यांची नाही.

"पण मग ७.१ चं काय?" हा प्रश्न तुम्ही मनात विचारलाच असेल. ७.१ म्हणजे ऐकणाऱ्याच्या चहूबाजूंना मांडलेले आठ स्पीकर. बहुतेक हेडसेटमध्ये कानाला एक असे दोनच असतात, उरलेले सहा सॉफ्टवेअरने भासवलेले. त्यात फसवणूक काही नाही, आपल्यालाही दोनच कान आहेत. आवाज मागून आला की पुढून, हे मेंदू कानाच्या पाळीच्या आकारामुळे आवाजात होणाऱ्या बारीक बदलांवरून ओळखतो, आणि ते बदल गणिताने घालता येतात. मुद्दा असा की हे गणित प्लेस्टेशन ५ स्वतः करतो. सोनी त्याला टेम्पेस्ट थ्रीडी ऑडिओ म्हणते आणि ते कंट्रोलरच्या ३.५ मिलिमीटर जॅकला लावलेल्या कुठल्याही साध्या हेडफोनवर चालतं. सेटिंगमध्ये जाऊन, ऐकून, आपल्या कानाला जुळेल तो पर्याय निवडायचा. लॅपटॉपवर विंडोज असेल तर तसंच गणित करणारं विंडोज सॉनिक फुकट आहे. वर हेडसेटचं स्वतःचं ७.१ चालू ठेवलंत तर एका गणितावर दुसरं गणित बसतं आणि गेममधल्या शत्रूच्या पावलांचा आवाज स्वच्छ व्हायच्या ऐवजी गढूळ होतो. म्हणजे जे यंत्रात आधीच आहे त्याचे पुन्हा पैसे.

डब्यावरच्या बाकी आकड्यांवर फार वेळ घालवू नका. ड्रायव्हर ५० मिलिमीटरचा आहे की ४० चा, यावरून आवाज कसा आहे ते कळत नाही. ४० किलोहर्ट्झपर्यंतचे उंच सूर ऐकू येतील असं लिहिलेलं असतं, पण माणसाचा कान तरुणपणी २० किलोहर्ट्झपर्यंत जातो, तोही नशीब असेल तर. रंगीत दिवे तर कानावर घातल्यावर तुम्हाला दिसतही नाहीत.

मात्र एक आकडा बघायचा विसरू नका: ओहम, म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा. तो जास्त असला की वाजवायला जोरही जास्त लागतो. स्टुडिओ हेडफोनच्या दुनियेत हा सापळा आहे. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन रूपांत विकला गेलाय, दिसायला जवळजवळ सारखा. २५० वाला स्वस्तात दिसला म्हणून घेतलात तर कंट्रोलरच्या जॅकवर तो मिणमिणता वाजेल, मग अँप्लिफायर घ्यावा लागेल आणि वाचवलेले पैसे तिकडे जातील. तुमच्यासाठी ८० ओहमच्या खालचाच बरा. केबल सुटी निघणारी असेल तर आणखी उत्तम.

आता घरची अडचण. संगीतवाले लोक तुम्हाला ओपन-बॅक घ्या म्हणून सांगतील. मागची जाळी उघडी असल्यामुळे त्यात आवाज मोकळा वाटतो, गाण्यात वाद्यं एकमेकांपासून सुटी ऐकू येतात आणि गेममध्येही अंतराचा अंदाज छान येतो. मलाही तेच आवडतात. पण त्यातून आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. शेजारी भाऊ झोपलेला असताना रात्री अकराला गोळीबार त्याच्या उशापर्यंत पोचेल. तुम्हाला क्लोज्ड-बॅकच, म्हणजे मागून बंद असलेलाच घ्यावा लागणार, तिथे पर्याय नाही. (मित्रांशी तुमचं बोलणं त्याला ऐकू जाणारच, त्यावर कुठल्याच हेडफोनकडे इलाज नाही.) क्लोज्ड-बॅकमध्ये गादी कानाभोवती घट्ट बसणं महत्त्वाचं आणि नेमका तिथे चष्मा आडवा येतो. काडीपाशी फट राहिली की खालचे सूर गळून जातात, आणि पकड जास्त घट्ट असेल तर तासाभरात कानामागे दुखायला लागतं. म्हणून चष्मा घालूनच अर्धा तास डोक्यावर ठेवून बघा. तसं करता येत नसेल तर परत करण्याची मुदत असेल तिथूनच घ्या. गादी कातडीसारखी गुळगुळीत असेल तर काडीपाशी फट जास्त राहते, मऊ मखमली गादी जरा सांभाळून घेते, पण आवाज थोडा जास्त बाहेर सोडते.

मायक्रोफोन लगेच घेऊच नका. प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरमध्ये छोटा मायक्रोफोन आहे. बटणांची खटखट मित्रांना ऐकू जाईल, पण महिनाभर त्यावर काढून बघा. तक्रारी आल्याच तर वेगळा घ्या. आल्या नाहीत तर चार टक्के वाचले.

हे सगळं कुठे चुकेल तेही सांगतो. तुम्ही पलंगावर पडून, पडद्यापासून लांब, कूस बदलत खेळत असाल तर कंट्रोलरला लोंबणारी वायर वैताग देते आणि वैताग देणारी वस्तू आपण वापरत नाही. तसं असेल तर वायरलेस घ्या, रोखीने, आणि घेण्याआधी त्याला डोंगलशिवाय ब्लूटूथही आहे का ते पाहा. नसेल तर फोनला तो सहज जोडता येणार नाही. नुसत्या ब्लूटूथवाल्याच्या नादी मात्र लागू नका. प्लेस्टेशन ५ ला तो थेट जोडता येत नाही. बाकी ठिकाणी जोडला तरी आवाज मागे पडतो. साध्या ब्लूटूथवर दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. सेकंदाला ६० चित्रांच्या गेममध्ये एक चित्र जेमतेम १६.७ मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे गोळी लागून नऊ-बारा चित्रं पुढे गेली की मग आवाज. गाण्यात हे कळतही नाही. आणि ब्लूटूथवर मायक्रोफोन चालू झाला की जुन्या पद्धतीत सगळाच आवाज फोनवर बोलल्यासारखा चपटा होतो.

तुम्ही न विचारलेली एक वही अजून उघडायची आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठी मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी. ८३ ला २० तास, ८६ ला १०. तुमचे २६ तास आहेत. म्हणजे ८० वर तुम्ही बजेटमध्ये, आणि आवाज जरासा चढवून ८३ वर नेला की दर आठवड्याला सहा तासांची तूट. कानातल्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत, ही तूट पुढच्या महिन्यात भरून काढता येत नाही. क्लोज्ड-बॅकचा इथे फायदा आहे: बाहेरचा गलका कमी आत येतो, त्यामुळे आवाज खाली ठेवूनही भागतं. पावलं ऐकू येण्यासाठी व्हॉल्यूम वाढवायची सवय असेल तर त्याऐवजी गेमच्या सेटिंगमध्ये संगीत आणि घुमणारे खालचे सूर कमी करा. पावलांचा आवाज त्यांच्याखाली दबलेला असतो.

आणि या सगळ्याच्या आधी पाच मिनिटांचं काम. जुना हेडफोन लावा, एखादं ओळखीचं गाणं सुरू करा आणि जॅकपाशी वायर दोन बोटांत धरून हळूच वाकवा, मग कपाशी जिथे ती आत शिरते तिथे तसंच करा. डावा कान वाकवताना जात-येत असेल तर आतली तार तुटलीय, ड्रायव्हर ठीक आहे. केबल सुटी निघणारी असेल तर नवी घाला, नसेल तर डाग देणाऱ्याकडून जोडून घ्या. तसं झालं तर हा सगळा निर्णय वर्षभर पुढे ढकलता येईल.

तुमच्याकडे दोन महिन्यांच्या खर्चाची बचत आहे, मला किमान तीन हवी. वायरवाली जोडी रोखीने घेतलीत तरी वायरलेसच्या तुलनेत पगाराचे बारा टक्के हातात उरतात, नुसता हेडफोन घेतलात तर सोळा. ते त्याच दिवशी आपत्कालीन निधीच्या खात्यात टाका, हप्त्यांसाठी बाजूला काढणार होतात तसेच. वायर वाकवून काय झालं ते मात्र कळवा.