मॅनरिझम म्हणजे लकब नव्हे, हातोटी

प्रश्न असा आलाय: युरोपियन चित्रकलेवरच्या एका मराठी लेखात 'वासारीच्या मते मॅनरिझम म्हणजे चित्रकाराची लकब' असं वाक्य आहे, दुसऱ्या एका ठिकाणी त्यालाच 'रीतिवाद' म्हटलंय, तर बरोबर कुठलं? आणि रेनेसाँ हा शब्द वासारीचाच का, त्याला प्रबोधन म्हणायचं का?

बरोबर कुठलंच नाही. (कलेतिहासात मॅनरिझम म्हणजे राफाएलनंतरच्या, सोळाव्या शतकातल्या चित्रकलेचा कालखंड.) आणि आधी हे ऐका, की वासारीनं, म्हणजे सोळाव्या शतकात कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या इटालियन चित्रकारानं, 'मॅनरिझम' हा शब्द आयुष्यात एकदाही लिहिलेला नाही, तो गेला १५७४ मध्ये आणि हा 'इझम' जन्मला दोनशे वर्षांनी. वासारीचा शब्द 'मानिएरा'. पण आपल्याकडे टीव्हीवर कुठल्याही नटाचं नाव निघालं की 'त्यांचे मॅनरिझम्स' सुरू होतं, मग मान वाकडी करणं, केसांतून हात फिरवणं, सगळं त्याच पोत्यात. त्या पोत्यातून लोक थेट सोळाव्या शतकातल्या फ्लॉरेन्समध्ये उतरतात आणि लकब-लकब करत फिरतात. मॅनर्स म्हणजे शिष्टाचार वगैरे अर्थ सगळ्यांना माहीत आहेत, ते सोडतो.

मजा आहे ती मुळात. मानिएराच्या पोटात 'मानो' आहे, इटालियनमध्ये हात. लॅटिन 'मानुस' म्हणजे हात, 'मानुआरियुस' म्हणजे हाताचं, हातानं करायचं, त्यावरून जुन्या फ्रेंचमधलं 'मानिएर', आणि तिथून इटालियन मानिएरा नि इंग्रजी मॅनर दोन्ही. मॅन्युअल त्याच घरचा, आणि आपण जे 'मॅनेज करतो' म्हणतो ना तोही, तो मुळात घोडा हाताखाली वागवण्याचा शब्द. आता मराठीत बघा. हातानं वारंवार केल्यामुळे जी सफाई येते, जी शिकवून येत नाही पण बघून-करून येते, तिला आपण काय म्हणतो? हातोटी! शब्दात हात जसाच्या तसा बसलेला. जुनं रूप हातवटी. ही '-वटी' कुठून आली यावर माझं मत असं की ती 'वृत्ती' आहे, हस्तवृत्तीची हातवटी, कारण वृत्त-वर्तचं प्राकृतात 'वट्ट' होतंच. कुणी म्हणेल नुसता प्रत्यय आहे, म्हणू दे, मी गेली कित्येक वर्षं हे ऐकतोय आणि मला पटलेलं नाही.

आणि हे नुसतं ध्वनीचं जुळणं नाही, अर्थही बसतो. जॉर्जो वासारी स्वतः चित्रकार आणि वास्तुकार, अरेत्सो गावचा, फ्लॉरेन्समधली आज जगभर प्रसिद्ध असलेली उफ्फीत्सीची इमारत त्यानं बांधायला घेतली (उफ्फीत्सी म्हणजे साधी 'ऑफिसं', फ्लॉरेन्सचा ड्यूक कोसिमो मेदिची याच्या सरकारी कचेऱ्या होत्या त्या). त्यानं १५५० मध्ये चित्रकार-शिल्पकार-वास्तुकारांच्या चरित्रांचा ग्रंथ काढला आणि १५६८ मध्ये तोच फुगवून, कलावंतांची लाकडी ठशांतली चित्रं घालून पुन्हा काढला. त्याच्या तिसऱ्या भागाच्या प्रस्तावनेत तो चांगल्या कलेला लागणाऱ्या पाच गोष्टी मोजतो: नियम, क्रम, प्रमाण, रेखन आणि शेवटी मानिएरा. मानिएरा कशी येते, तर सुंदर गोष्टी पुन्हापुन्हा चितारून, त्यातलं जे सगळ्यात सुंदर, म्हणजे हात, डोकी, धडं, पाय, ते एकत्र आणून. यादीत पहिले हात! मला हे वाचून इतका आनंद झाला होता की विचारू नका. तर सांगायचा मुद्दा, त्याच्या लेखी मानिएरा हा गुण आहे, मेहनतीनं कमावलेला. लकब कमवावी लागत नाही, ती चिकटते.

अर्थात तो हा शब्द सैलही वापरतो. बायझंटाईन धाटणीची चित्रं 'ग्रीक मानिएरा', आणि ज्याला आपण आज गॉथिक म्हणतो ती बांधकामं 'जर्मन', ती गॉथ लोकांनी काढली म्हणून त्यांच्या नावानं बोटं मोडतो, आणि ते गॉथिक नाव आजतागायत त्या बिचाऱ्या कॅथेड्रल्सना चिकटलंय. फ्लॉरेन्सचाच चित्रकार पोंतोर्मो, त्याच्यावर तर वासारी रुसलेलाच आहे. फ्लॉरेन्सबाहेरच्या मठात पोंतोर्मोनं भित्तिचित्रं काढली तेव्हा ड्यूरर या जर्मन उस्तादाची छापचित्रं पाहून तो आपली गोड मानिएरा सोडून जर्मन मानिएरेच्या मागे लागला, म्हणून वासारी म्हणतो, अरे, तिकडचे लोक इथली मानिएरा शिकायला येतात आणि हा ती टाकायला निघालाय! तबलजी आपल्या घराण्याचा हात सोडून दुसऱ्याचा हात वाजवायला लागला की बुजुर्ग जे बोलतात तेच हे.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. वासारीनंतर उत्तरेकडे हेच काम केलं कारेल फान मांडरनं. तो स्वतः इटलीत राहून आलेला, मग हार्लेममध्ये स्थायिक झालेला, १६०४ मध्ये त्याचं चित्रकारांवरचं पुस्तक आलं, त्यात नेदरलंड्सच्या आणि जर्मन चित्रकारांची चरित्रं. आता मानिएराला डचमध्ये काय म्हणायचं हा प्रश्न त्यालाही पडलेला असणार, तुम्हाला पडलाय तसाच. त्याच्या लिखाणात शब्द येतो 'हांडेलिंग'. हांड म्हणजे हात! मानो-मानिएरा, हांड-हांडेलिंग, हात-हातोटी. बोला आता.

आणि याच पुस्तकात हेन्ड्रिक गोल्ट्सियसचं चरित्र आहे, फान मांडरचा जवळचा मित्र. लहानपणी, जेमतेम चालायला लागला असेल, हा तोंडावर विस्तवात पडला आणि दोन्ही हात निखाऱ्यांवर भाजले. आईनं तिच्या परीनं इलाज केले, पण एका शेजारणीनं शहाणपणा करून उजवा हात फडक्यात बांधून टाकला, त्यात शिरा एकमेकींना चिकटल्या आणि जन्मभर तो हात पुरता उघडलाच नाही. त्या आखडलेल्या हातानं हा माणूस युरोपातला पहिल्या दर्जाचा तांब्यावर कोरणारा झाला. १५८८ मध्ये त्यानं टाकानं आपला तोच वाकडा उजवा हात काढलाय, बोटं अर्धी मुडपलेली, वर आलेल्या शिरा, एकेक नख, ते चित्र हार्लेमच्या टेलर्स म्युझियममध्ये आहे. या माणसाला दुसऱ्यांची हातोटी उचलायचा नाद. पुढे त्यानं मेरीच्या आयुष्यावर सहा छापचित्रं केली, प्रत्येक वेगळ्याच उस्तादाच्या धाटणीत. त्यातलं बाळ येशूच्या सुंतेचं चित्र थेट ड्यूररच्या हातचं वाटावं असं, १५९४ सालचं. फान मांडर सांगतो की गोल्ट्सियसनं त्याच्या काही प्रतींवरचं स्वतःचं चिन्ह आणि गर्दीत काढलेला स्वतःचा चेहरा निखाऱ्यानं जाळून घालवला, कागद धुरावर धरून पिवळा केला, चुरगाळला, आणि सोडला बाजारात. रोम, व्हेनिस, अॅम्स्टरडॅम, सगळीकडचे जाणकार खूश, ड्यूररचं न पाहिलेलं चित्र सापडलं म्हणून! काही जण म्हणाले, गोल्ट्सियसला जन्मात असं जमायचं नाही. मग त्यानं कोरी करकरीत प्रत काढून दाखवली. जळलेल्या हातानं, जाळून, दुसऱ्याचा हात. आता या गोष्टीत 'लकब' शब्द घालून बघा, कशी वाटते.

लकबीवर माझा राग नाही हं, उलट तिची कथा वेगळीच गोड आहे. लकब अरबी, तिकडे तिचा अर्थ उपनाम, किताब, लोकांनी पाडलेलं नाव. अल-जाहिझ हा मोठा अरबी लेखक, जाहिझ म्हणजे बटबटीत डोळ्यांचा, ही त्याची लकब. मराठीत ती सवयीवर कशी घसरली? माझा तर्क असा की माणसाला नाव पडतं ते सवयीवरून, मग हळूहळू नाव गळून सवयच लकब झाली. आणि त्या मूळ अर्थानं वासारीचं पुस्तक लकबींनी खच्चून भरलंय! बोत्तिचेल्ली म्हणजे पिंपुकलं, गिर्लांदायो म्हणजे हारवाला, पोंतोर्मो हे नुसतं गावाचं नाव. मसाच्चोचं खरं नाव तोमाझो, पण कपड्यांची शुद्ध नाही, उधारी वसूल करायची आठवण नाही, सगळं लक्ष चित्रात, म्हणून लोक त्याला मसाच्चो म्हणायला लागले, गबाळ्या तोमाझो म्हणा ना, आणि वासारी मुद्दाम सांगतो की त्यात दुष्टपणा नव्हता, माणूस भलाच होता. तर लकबवाले अगदीच चुकीच्या पुस्तकात गेलेले नाहीत, पान चुकलंय.

बरं, मग हा गुण शिवी कसा झाला? त्याला पुढचे चरित्रकार जबाबदार. १६७२ मध्ये रोममध्ये बेल्लोरीनं आपली चरित्रं छापली, मोजून बारा कलावंत, आणि त्यात बेर्नीनी नाही! त्या काळातला रोममधला सगळ्यात मोठा शिल्पकार गाळायचा म्हणजे काय छाती. चित्रकार आन्नीबाले कार्राच्चीच्या चरित्राच्या सुरुवातीला तो म्हणतो की राफाएलनंतर चित्रकारांनी निसर्गाकडे बघणं सोडलं आणि मानिएरेनं कलेची वाट लावली, डोक्यातली भन्नाट कल्पना, तिला टेकू नुसत्या सरावाचा. म्हणजे शब्द तोच पण हातोटीची 'नुसती हातचलाखी' झाली. त्याच्या दहाच वर्षं आधी फ्रान्समध्ये फ्रेआर द शांब्रेनं अशा चित्रकारांना 'मॅनिएरिस्त' म्हणून हिणवलं होतं, पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस लुइजी लांझीनं त्याचा 'मानिएरिझ्मो' केला, आणि तोच आपला मॅनरिझम. विसाव्या शतकात त्या चित्रकारांची पुन्हा आरती सुरू झाली, ती वेगळी गोष्ट.

खरं तर या शिवीचं बी वासारीच्याच हातात होतं. तो मोठ्या अभिमानानं लिहितो की पूर्वीचे उस्ताद एका चित्राला सहा वर्षं घ्यायचे, आता आम्ही वर्षाला सहा काढतो. १५४६ मध्ये रोमच्या कांचेल्लेरिया महालातलं एक आख्खं दालन त्यानं शंभर दिवसांत रंगवलं, आजही त्याला शंभर दिवसांचं दालन म्हणतात. मायकेलअँजेलोला हे सांगितल्यावर तो म्हणाला, 'दिसतंच आहे.' असं सांगतात बुवा, खरंखोटं त्या दोघांना माहीत. हात बसला की डोकं निजतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही पेंटरला, सुताराला, गवयाला विचारा.

'रीतिवाद'वाल्यांना एवढंच विचारायचंय की वामनाचं काय करणार? 'रीतिरात्मा काव्यस्य', रीती हाच काव्याचा आत्मा, म्हणणारा तो, संस्कृत काव्यशास्त्रात रीतीचं खातं हजार वर्षांहून जास्त काळ त्याच्या नावावर आहे, शिवाय हिंदी काव्यात रीतिकाल नावाचा कालखंड आहेच. त्याच नावाची दुसरी पाटी लावून पोंतोर्मोला आत बसवलं की विद्यार्थी गोंधळणार नाही तर काय. कोशवाङ्मयात 'रीतिलाघववाद' असाही एक शब्द आहे, निदान त्यातल्या लाघवाला हस्तलाघवाचा वास तरी येतो, पण शब्द उच्चारेपर्यंत चित्र भिंतीवरून उतरवलेलं असतं. पारिभाषिक शब्द करणाऱ्यांना हात दिसत कसा नाही हे मला कळत नाही, रोज त्याच हातानं लिहितात.

तर लेखात वासारीचा मानिएरा असेल तिथे हातोटी लिहा, जिथे अगदीच बसत नाही तिथे शैली किंवा धाटणी. बेल्लोरीचा असेल तर साचेबंद हात. आणि कलेतिहासातला कालखंड म्हणून मॅनरिझम हवा असेल तर सरळ मॅनरिझमच ठेवा, कुणी मारत नाही. नाव मात्र वासारी नाही, दोन स्वरांमधला तो स इटालियनमध्ये झऱ्यातल्या झ सारखा होतो, वाझारी. आपल्याकडे तो उच्चार आयता आहे, मीही इथे सवयीनं वासारीच लिहिलंय ते जाऊ दे.

आणि हो, रेनेसाँ. वासारी 'रिनाशिता' म्हणतो, पुनर्जन्म, आणि तो फक्त चित्र-शिल्प-वास्तूबद्दल बोलतोय, म्हणून त्याच्या तोंडी प्रबोधन घालू नका, पुनरुज्जीवन चालेल.