आकडा नंतर, आधी दिवस सांग

बेटा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. लांबलचक लिहिलंस पण गोष्ट एवढीच, की उमरेडकडची ती बाई, डॉक्टरच्या पर्चीवर 'प्रोजेस्टेरॉन, २१वा दिवस' लिहिलेलं (बीज सुटल्यावर वाढतं ते हार्मोन), ती बरोब्बर एकविसाव्या दिवशी आली, तू सॅम्पल घेतलं, व्हॅल्यू आली ०.६ आणि काउंटरवरच तिच्या सासूनं कागद पाहून "म्हणजे हिच्यात बीजच बनत नाही" असं चारचौघांत म्हटलं. आणि आता तू मला विचारून राहिली की मॅडम, तुम्हीच म्हणायच्या ना दिवस विचार म्हणून, दिवस तर बरोबर होता, मग काहून असं?

अगं, दिवस विचारला, पण कोणाचा दिवस ते विचारलं का? तुझ्याच मेसेजच्या शेवटी तू लिहिलंस की तिची पाळी पस्तीस दिवसांनी येते. तिथंच तर सगळं आहे, आणि ते तू 'बाय द वे' करून लिहिलंस! पर्चीवरचा एकविसावा दिवस हा अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा आहे. सगळ्या बायका अठ्ठावीस दिवसांच्या कुठं असतात, चोवीस ते अडतीस दिवसांत कधीही आली तरी नॉर्मलच धरतात.

आता नीट बघ. पाळी सुरू झाल्यापासून बीज सुटेपर्यंतचा काळ प्रत्येकीचा वेगळा, त्याच बाईचाही कधी पुढंमागं होतो, टेन्शन, आजारपण, काहीही. पण बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बऱ्यापैकी ठरलेला, साधारण बारा ते चौदा दिवस. म्हणजे पस्तीसवालीचं बीज सुटणार एकविसाव्या दिवसाच्या आसपास. बीज सुटलं की मागं राहिलेल्या फॉलिकलचं, म्हणजे बीज वाढतं त्या पिशवीचं, कॉर्पस ल्युटियम होतं, आपण शिकलो ते पीतपिंड, ते प्रोजेस्टेरॉन बनवायला लागतं आणि त्याची पातळी सगळ्यात वर जाते साधारण सात दिवसांनी. तू सॅम्पल घेतलंस तेव्हा कारखान्याचं शटरही उघडलं नव्हतं आणि आपण माल मोजत होतो. ०.६ नाही येणार तर काय येणार! त्या बाईचं सॅम्पल अठ्ठाविसाव्या दिवशी पाहिजे होतं. तेव्हा ३ नॅनोग्रॅमच्या वर आलं असतं तर बीज सुटलं म्हणून समजायचं, नसतं आलं तर मग पुढचा विचार डॉक्टरनं करायचा. पुढच्या पाळीपासून उलटं मोज, सात दिवस मागं ये. मागच्या पाळीपासून सरळ मोजशील तर असंच फसशील.

हार्मोनचा आकडा दिवसाशिवाय वाचायचा नाही. हे मी तुला पहिल्या आठवड्यात सांगितलं, आजही तेच सांगून राहिली आणि तू कंटाळलीस तरी सांगीन.

दुसरं जे विचारलंस, की पुस्तकात एका पानावर लिहिलंय इस्ट्रोजेन एलएचला (बीज सोडायला लावणारं पिट्युटरीचं हार्मोन) दाबतं आणि पुढच्याच पानावर इस्ट्रोजेनमुळंच एलएच उसळतं, दोन्ही खरं कसं? हा प्रश्न आवडला मला. दोन्ही खरंच आहे, आणि उत्तर परत तेच, कधी आणि किती वेळ. सुरुवातीच्या दिवसांत इस्ट्राडायॉल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, थोडं असतं, ते मेंदूला आणि त्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला सांगतं की बास, एफएसएच (फॉलिकल वाढवणारं हार्मोन) आणि एलएच कमी कर. फॉलिकल वाढत जातं तसं इस्ट्राडायॉल वाढतं, आणि ते साधारण २०० पिकोग्रॅमच्या वर सलग दोन दिवस टिकलं की पिट्युटरीचं वागणंच पालटतं, एलएचचा लोंढा येतो. तो सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांनी बीज सुटतं. नुसतं वर जाऊन उपयोग नाही, टिकायला पाहिजे. हार्मोन तेच, रक्त तेच, बाई तीच, दिवस वेगळा म्हणून काम उलटं. सांग मग, दिवस न विचारता इस्ट्राडायॉलचा आकडा वाचणारा माणूस काय वाचून राहिला?

अजून वर जाशील तर तिथंही हेच. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच, म्हणजे पिट्युटरीला एलएच-एफएसएच सोडायला सांगणारं हार्मोन, येतं ते नळाच्या धारेसारखं नाही, तास-दीड तासानं एक झटका असं येतं. अमेरिकेत पिट्सबर्गला अर्न्स्ट नोबिल नावाच्या शास्त्रज्ञानं सत्तरच्या दशकात माकडिणींवर दाखवलं, मेंदूतला तो भाग निकामी केलेल्या माकडिणीला तासाला एक झटका दिला की एलएच-एफएसएच पूर्ववत, आणि तेच औषध सारखं चालू ठेवलं तर दोन्ही ठप्प. यावरच तर ल्युप्रोलाइड या जीएनआरएचसारख्या औषधाची इंजेक्शनं चालतात, सुरुवातीचे काही दिवस हार्मोन वाढवतात आणि मग बंद पाडतात. एन्डोमेट्रिओसिसच्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं तो आजार) पेशंटच्या पर्चीवर ते नाव दिसलं तर एलएच काहून एवढं कमी म्हणून मशीनला दोष देऊ नको.

१९७७ चं वैद्यकाचं नोबेल बघ कधी. अर्धं रोझलिन यालो यांना, रक्तातले हार्मोन मोजायची रेडिओइम्युनोअसे ही पद्धत काढली म्हणून, आणि उरलेलं गियमां आणि शॅली यांना, मेंदूतले हार्मोन शोधले म्हणून. मोजायची पद्धत आणि काय मोजायचं, दोन्हीचं बक्षीस एकाच वर्षी. कधी मोजायचं याचं बक्षीस मात्र कोणी नाही देत, ते काउंटरवरच्या पोरींनी फुकटात करायचं असतं.

मी केलं. नागपुरात धंतोलीतल्या ज्या लॅबमध्ये होती (नाव नाही घेत), तिथल्या फॉर्मवर पाळीच्या तारखेचा रकानाच नव्हता. मालकांना म्हटलं छापून घ्या, ते म्हणाले बायका लाजतात, रांग वाढते. मग मी इतवारीतून स्वतःच्या पैशानं रबरी शिक्का करून आणला. दोन ओळी, 'पाळीची तारीख' आणि 'किती दिवसांनी येते', पुढं रिकाम्या जागा. प्रत्येक हार्मोनच्या फॉर्मवर तो मारायची आणि उत्तर आल्याशिवाय सुई हातात घेत नव्हती. जांभळ्या शाईनं बोटं रंगलेली असायची. लाजत कोणी नव्हतं गं, हळू आवाजात विचारलं की बायका सगळं सांगतात, उलट विचारलं म्हणून बरं वाटतं त्यांना.

पण चुकीच्या दिवशी आलेल्या बाईला मी परतही पाठवायची, आणि त्यावरून भांडणं झाली. मालक म्हणायचे तुमच्यामुळं धंदा जातो. काटोलहून एसटीनं आलेली एक बाई, मजुरी बुडवून आलेली, तिला म्हटलं आठ दिवसांनी ये, ती आलीच नाही. लागून राहिलंय मला ते, अजूनही. तरी मला सांग, त्या दिवशी सॅम्पल घेऊन तिच्या हातात लाल अक्षरातला एक कागद दिला असता, तर तो आयुष्यभर तिच्या नावानं कोणी ना कोणी वाचला असता की नाही? तुझ्या उमरेडवालीच्या सासूनं वाचला तसा! मी परत पाठवायची तेच बरोबर होतं. फक्त आता म्हणते की परत पाठवताना फोन नंबर घे, तारीख काढून कागदावर लिहून दे आणि आदल्या दिवशी फोन कर. शिक्क्याचं म्हणशील तर मी सोडल्यावर तो तिथं कोणी वापरला नाही, ही खंत आहेच.

पुरुषांना पाळी नाही म्हणून तिथं सुटलीस असं समजू नको. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, सात ते दहात सॅम्पल घ्यायचं, दुपारी चारला आलेल्या पोट्ट्याचं कमी दिसणारच. आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत नाईट शिफ्ट करणारा असला तर त्याची सकाळ आपल्या घड्याळावर नाही, तो झोपून कधी उठला ते विचार. वीर्यतपासणीत तर तीन महिने मागं जा, शुक्राणू बनायला साधारण ७४ दिवस लागतात, दिवाळीला काउंट कमी आला तर गणपतीत डेंग्यूचा ताप होता का ते विचारलं पाहिजे. प्रोलॅक्टिन, ते दूध आणणारं हार्मोन, झोपेत वाढतं, घाबरलं तरी वाढतं, त्यामुळं उठल्यावर दोनेक तास जाऊ दे, धावतपळत आलेल्या बाईला आधी बसव, पाणी दे. एएमएच (अंडाशयात बीजं किती उरली त्याचा अंदाज देणारं) तेवढं बरं, त्याला पाळीचा कोणताही दिवस चालतो. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का तेही विचारत जा, काही मशीनवर त्यानं प्रोजेस्टेरॉन-इस्ट्राडायॉल खोटं जास्त दिसतं आणि थायरॉइडचं टीएसएच खोटं कमी.

आता त्या बाईचं. तू स्वतः फोन करून तिला काही निदान सांगू नको, ते आपलं काम नाही. उद्या गेल्या गेल्या तुमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांना दाखव, सायकल पस्तीस दिवसांची आहे आणि सॅम्पल एकविसाव्याला घेतलंय हे रिपोर्टवर कमेंटमध्ये टाकायला सांग आणि डॉक्टरला कळवायला सांग. सर म्हणतील काय फरक पडतो, तू हटू नको. आणि मागच्या चार पाळ्यांच्या तारखा मिळाल्या तर मला पाठव, पस्तीस हे तिनं अंदाजानं सांगितलं की मोजून, ते बघू, मग पुढचं सॅम्पल कधी ते काढू.

तुझी मॅडम